होळीच्या बाजारी द्यायची चार पिल्लं

कापूस पारखण्याचे काम बाहेरून पाहणाऱ्याला काम वाटत नाही. गाडी अडतीच्या आवारात येते. पारखी चाकावर पाय देऊन वर चढतो, वरचा कापूस बाजूला सारतो, कोपरापर्यंत हात आत घालतो आणि मधला मूठभर कापूस उपसून काढतो. वरचा कापूस पाहायचा नसतो. तो दाखवण्यासाठीच ठेवलेला असतो. मग चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूहळू ओढतो, धागा कुठे तुटतो ते पाहतो, जुळवतो, पुन्हा ओढतो. एक सरकी दाताखाली धरतो. कट्ट वाजली तर माल सुका, नुसती दबली तर ओला. एवढे झाले की तो एक शब्द बोलून खाली उतरतो. त्या शब्दावर शेतकरी, दलाल आणि अडत्या असे तिघेही गप्प बसतात. निदान बसावे अशी रीत होती.

अमरावतीच्या बाजारात मी हे काम केले ते अमेरिकेतल्या लढाईच्या वर्षांत. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या आखूड धाग्याच्या कापसाला एकाएकी असा मान आला की बाजारात मावेनात म्हणून गाड्या बाहेर मैदानात सुटत. रेल्वे अजून यायची होती. पुढे बाजार उतरला, मी पारख सोडली आणि उरलेली सगळी नोकरी एका वर्तमानपत्रात बाजारभाव व गावच्या बातम्या लिहिण्यात काढली. बातमीत लिहिणारा दिसू नये असा तिथला दंडक होता. तो इथेही शक्यतो पाळतो.

या वार्षिकाच्या संपादकांना तेजीतले एखादे मोठे प्रकरण हवे होते. मोठी प्रकरणे सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांतली निम्मी घडलेली नाहीत. मला आठवतात ती माणसे. एका गृहस्थाने वजन वाढावे म्हणून घरी कापसावर पाणी शिंपडले आणि मग चांगल्या भावाची वाट पाहत तो इतके दिवस थांबला की मी हात घातला तेव्हा आत सरकीला मोड आले होते. "बियाणं चांगलं हाये म्हना की," तो म्हणाला. दुसऱ्या एका गाडीत मूठ भरून ओढली तर आतून शिवी आली. थंडीचे दिवस, शेतकऱ्याचा मेहुणा कापसात शिरून झोपला होता आणि मी त्याचा पाय पारखायला घेतला होता. ती गाडी मी मेहुणा उतरवून पुन्हा तोलायला लावली.

पण माझ्या निकालांतला एक निकाल कापसाचा नव्हता. तो कुत्र्याच्या पिल्लांचा होता, आणि त्याची हकिगत सांगण्याआधी त्या वेळचा बाजार कसा चालत असे ते सांगितले पाहिजे.

दलाल भाव तोंडाने बोलत नसत. दोघे शेजारी बसत, हात एका उपरण्याखाली घालत आणि एकमेकांची बोटे दाबून आकडा ठरवत. बाहेरून दिसे ते एवढेच की दोन माणसे निर्विकार चेहऱ्याने बसली आहेत आणि उपरणे हलते आहे. तेजीत हे उपरणे थांबेना. माल हातात येण्याची वाट कोण पाहणार? कापूस वेचायच्या आधी विकला जाऊ लागला, मग बोंड धरायच्या आधी, मग पेरायच्या आधी. अमुक बाजारी अमुक माल देईन एवढा शब्द पुरे. तो शब्द घेणारा दुसऱ्याला विके, दुसरा तिसऱ्याला. कापसावरून हा नाद कडब्यावर गेला, कडब्यावरून आंब्याच्या मोहोरावर. आणि एका हंगामात तो आमच्या आवारातल्या वाघीपर्यंत पोचला.

वाघी ही तांबूस रंगाची कुत्री. आवाराचा राखणदार तुळशीराम आणि त्याची बायको अनसाबाई कोपऱ्यातल्या झोपडीत राहत. अनसाबाई दिवसभर कापसातला पालापाचोळा वेचून काढी. कुत्री तिची होती. उघड्यावर कापसाच्या गंज्या रचलेल्या, चोरांचे दिवस, आणि वाघी असताना आमच्या गंजीला कोणी हात लावू शकत नसे. त्यामुळे ती पोटुशी आहे हे कळताच पिल्लांना मागणी आली.

पहिला मागणारा उकंडा पाटील. अकोल्याच्या वाटेवर, मूर्तिजापूरच्या पुढे त्याचे गाव. आठवड्याआड गाडी घेऊन येई. त्याच्या कुत्र्याला पावसाळ्यात पान लागले होते, म्हणजे साप चावून ते मेले होते, आणि तेव्हापासून रानडुकरांनी त्याची ज्वारी उकरायचा सपाटा लावला होता.

"माय, एक पिल्लू मले ठेवजो," तो अनसाबाईला म्हणाला. "पन घरी बारकी लेकरं हायेत. त्याईच्या अंगावर जाईन असं नोको."

"वाघीचं पिल्लू हाये," ती म्हणाली. "उगंच नाई जात कोनाच्या अंगावर. तुमाले एक देल्लं."

दुसरा मागणारा झुंबरशेट. हा दलाल रोज आमच्या ओट्यावर बसे. त्याने अनसाबाईला विचारलेच नाही. त्याने तुळशीरामला शेजारी बसवले आणि उपरणे पसरले. तुळशीरामने जन्मात पहिल्यांदा उपरण्याखाली हात घातला होता. बाहेर काढला तेव्हा तो सौदेगर झाला होता. होतील तेवढी पिल्लं, होळीच्या बाजारी, याच आवारात, झुंबरशेटच्या हवाली.

संक्रांतीपर्यंत ही पिल्लं इतक्या हातांतून फिरली की आमच्या ओट्यावर बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या मालकीची ती कधी ना कधी होऊन गेली होती. व्हायची मात्र अजून बाकी होती. होळीचा बाजार सर्वांनी कापसाच्या हिशेबाने धरला होता, कारण त्या सुमारास मोठे सौदे मिटत. वाघीला हे कोणी सांगितले नव्हते. ती तिच्या वेळेला व्याली, म्हणजे सर्वांच्या अंदाजापेक्षा बरीच उशिरा.

चार पिल्लं झाली. तीन तांबूस, एक ठिपक्याठिपक्यांची मादी. तिचे नाव चितरी पडले. अनसाबाईला सौद्याची बातमी त्यानंतर लागली.

"पोटात असताना लेकरं इकली तुमी?" ती नवऱ्याला म्हणाली. गंजीच्या या बाजूला मी होतो, त्या बाजूला ती दोघे.

"लेकरं कोठी व? कुत्र्याची पिल्लं हायेत."

"तिची कोन हायेत मंग? दीर-भासरे?"

तुळशीराम खाकरला.

"अन् म्या उकंडा पाटलाले शबूद देल्ला त्याचं काय?"

"तू देल्ला थो शबूद," तुळशीराम म्हणाला, "म्या केला थो सौदा हाये."

पुढच्या खेपेला पाटील आला तेव्हा तिने त्याला सांगून टाकले. "इकली यायनं. म्या नाई इकली."

"हाव," पाटील म्हणाला. "मी येतच राह्यतो. गाडी त येतेच ना इकडं." मग तो पिल्लांपासून चार हातांवर उकिडवा बसला. चितरी लडखडत आली आणि त्याच्या वाहाणेचा अंगठा चावू लागली. तो पाय न हलवता बसून राहिला.

होळीचा बाजार आला. पिल्लांचे डोळे उघडून गेले होते, पायात बळ आले होते, दूध-भाकरीचा काला ती थाळीत पाय घालून का होईना पण खात होती. वाघी पाजता पाजता मध्येच उठे, आचळांना लोंबणारी पिल्लं टपटप खाली पडत, आणि ती कापसाच्या गंजीवर जाऊन बसे. पिल्लांना गंजी चढता येत नसे. ती खाली उभी राहून केकाटत आणि वाघी वरून दुसरीकडे पाही.

झुंबरशेट मोठी टोपली घेऊन आला. त्याच्यामागे पुढचे खरेदीदार. अनसाबाई झोपडीच्या दारात बसली होती आणि पिल्लं तिच्या पाठीमागे होती.

"नाई भेटत," ती म्हणाली. "अजून तयार नाई झाली."

"नाई भेटत म्हंजे?" झुंबरशेट म्हणाला. "डोळे हायेत. पाय हायेत. दात हायेत. काला खाऊन राहिली. खुद्द मायनं सोडली, थे पाहा वर जाऊन बसली. अजून काय तयारी पाह्यजे, मुंज?"

"मायनं सोडली. भावंडाईनं कोठी सोडली अजून?"

"भावंडं काय करतेत?"

"तुमचा शेरा लवकर नेला होता ना तुमी," अनसाबाई म्हणाली, "मंग तुमीच सांगा काय करतेत."

यावर ओट्यावरची दोन माणसे हसली. शेरा हा वाघीच्या मागच्या वेताचा. डोळे उघडले न उघडले तोच झुंबरशेटने उचलून नेला होता. तो आता वाढून त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसे. शेरा वाईट कुत्रा नव्हता. खेळायला येई. पण खेळताना धरलेली वस्तू तो सोडत नसे, मग ती वस्तू धोतर असो की पोटरी. गिऱ्हाईक ओरडे, झुंबरशेट ओरडे, शेराला वाटे खेळ रंगात आला आहे. लोक त्या दुकानी जायचे झाले तर रस्त्याच्या पलीकडून हाका मारत.

"पकडलं का सोडत नाई!" झुंबरशेट म्हणाला. "राखनीच्या कुत्र्यानं असंच राह्यलं पाह्यजे!"

"चोर धरला का त्यानं एखांदा?"

झुंबरशेटने धोतराचा सोगा सावरला.

"शेटजी, थो तुमालेच धरते."

आवाज ऐकून अडतीचे मालक बाहेर आले. त्यांना कुत्र्यात रस नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, की सौदा या आवारात झाला का. तुळशीराम म्हणाला, झाला. मालक म्हणाले, "मग माल या आवारातून गेला पाहिजे. माझ्या ओट्यावर दिलेला शब्द फिरला असं बाजारात झालं, तर उद्या माझा कापूस कोण घेईल? पिल्लं दे, नाही तर झोपडी रिकामी कर."

तुळशीरामच्या चेहऱ्यावरचा सौदेगर त्या क्षणी उतरला. त्याने बायकोकडे पाहिले. ती हलली नाही. तिच्यामागून एक पिल्लू बाहेर आले, टोपलीत डोकावले आणि परत आत गेले.

मला यात कोणी ओढले ते झुंबरशेटने नंतर मान्य केले नसते, पण सूचना त्याचीच होती. त्याला वाटले की अडतीचा पारखी अडतीच्या बाजूने बोलेल. "वाद कायले?" तो म्हणाला. "माल हाये, बाजार हाये, पारखीजी हायेत. तयार हाये का नाई, थे सांगतीन."

बाजारची रीत अशी होती: सौद्याचा दिवस आला आणि माल ओला निघाला, तर देणाऱ्याचा शब्द मोडत नसे. पारखीने ओला म्हटले की माल उन्हात पसरायचा, मुदत वाढायची आणि सुकल्यावर पुन्हा पारखायचा. ओला माल जबरदस्तीने नेणारा गठाणीत बांधून तो कुजवतो आणि मग बोंब मारतो, म्हणून ही सोय. पिल्लांना ती लागू आहे का, याबद्दल कोणी काही बोलले नाही. मला कुत्र्यांतले काही कळत नव्हते. मला हात घालून मधले काढायचे एवढे ठाऊक होते.

मी झोपडीत वाकलो आणि पिल्लांच्या घोळक्यात हात घातला. एकाने अंगठ्याशेजारचे बोट धरले. पिल्लाचे दात सुईसारखे असतात हे मला तोवर माहीत नव्हते. बाजारभर लोक जमलेले. पारखीने चेहरा बदलायचा नसतो. मी बदलला नाही.

"ओरडा ना, पारखीभाऊ," अनसाबाई म्हणाली.

"कशाला?"

"ओरडल्याबिगर त्याले कसं समजंन का दुखलं? पिल्लाची परीक्षा चावन्यात नसते. सोडन्यात असते. ओरडा."

मी "अं" असे म्हणालो.

"थे काय, सरकी दाबून राहिले का? पिल्लावानी ओरडा. भाऊ भावाले चावला म्हंजे थो कसा ओरडते, तसं."

आवारात हमाल होते, गाडीवान होते, दलाल होते, माझे मालक होते. माझ्या एका शब्दावर गाड्या परत जात. बोटातून रक्त येऊ लागले होते. मी पिल्लासारखा ओरडलो.

हशा इतका झाला की मैदानातले बैल बिचकले. पिल्लाने मान तिरपी केली, माझ्याकडे कौतुकाने पाहिले आणि आणखी जोराने चावले. ते अनसाबाईने जबडा उघडून सोडवले. दुसऱ्याने तेच केले. तिसऱ्याने सोडले, पण लगेच शेजारचे बोट धरले. चितरीने सोडले, बोटाकडे पाहिले, विचार केला आणि तेच बोट पुन्हा धरले.

"ओली," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

"ह्या!" झुंबरशेट म्हणाला. "ह्यायचा आवाजच भेसूर. पिल्लू घाबरलं असंन."

"तुमी घाला बोट," अनसाबाई म्हणाली. "नाई त असं करा, शेराले घेऊन या. तुमी बोट द्या, तुमीच ओरडा. त्यानं सोडलं त घेऊन जा चारी पिल्लं. म्या अडवत नाई."

झुंबरशेटने शेराला आणले नाही. मालकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. पारखीचा शब्द पिल्लांवर फिरवला तर उद्या कापसावर फिरेल, हे त्यांच्या माझ्यापेक्षा लवकर ध्यानात आले. पाडव्यानंतरच्या बाजारापर्यंत मुदत मिळाली. टोपली आवारातच राहिली. तुळशीरामची झोपडीही राहिली, पाडव्यानंतरच्या बाजारापर्यंत.

निकाल दिला होता, पण तो बरोबर आहे का हे मला ठाऊक नव्हते. हे पारख्याला चैन पडू देत नाही. त्यामुळे त्या दिवसांत भाकरी खायला मी झोपडीशेजारच्या सावलीत बसू लागलो. माझ्या ओरडण्याची नक्कल करणारे हमाल जेवताना तिथे येत नसत, ही आणखी एक सोय.

पिल्लं दिवसभर एकच खेळ खेळत. एक दुसऱ्यावर उडी घेई, कान धरी आणि ओढी. कान जास्त दुखला की दुसरे जोरात केकाटे आणि खेळ टाकून निघून जाई. पहिले एकटे उभे राही. त्याला काय झाले ते कळत नसे. ते तिसऱ्याकडे जाई, तिथेही तेच होई. चौघांनी एकमेकांना असे इतक्या वेळा वाळीत टाकले की एखाद्या गावात पिढ्यान्‌पिढ्या टाकले नसेल. हळूहळू कान धरण्याची पद्धत बदलली. धरायचे, पण केकाटण्याच्या अलीकडे थांबायचे. केकाटले की सोडायचे, कारण सोडले तरच खेळ पुढे चालतो. वाघीने त्यांना दूध सोडायला लावले होते. दात सोडायला तिने फारसे शिकवलेले मी पाहिले नाही. एखादे पिल्लू तिचा कान धरून लोंबकळले तर ती गुरकावे, आणि उठून गंजीवर जाई. बाकीचे काम तिने त्यांचे त्यांच्यावर सोपवलेले दिसले. एकटे उचलून नेलेल्या पिल्लाला केकाटून दाखवणार कोण? शेराला कोणी दाखवले नव्हते.

पाटील दोनदा येऊन गेला. गाडी रिकामी करी, उकिडवा बसे आणि वाहाण पुढे करी. दुसऱ्या खेपेस तो हळूच "ओय" म्हणाला. चितरीने वाहाण सोडली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी भाकरी खात राहिलो. मुदतीआधी निकाल सांगायची रीत नव्हती.

पाडवा झाला आणि बाजार बदलला. लढाई संपल्याच्या बातम्या मुंबईहून येऊ लागल्या. आधी कोणी विश्वास ठेवला नाही, मग सर्वांनी एकाच दिवशी ठेवला. उपरणी ज्यांच्या त्यांच्या खांद्यावर गेली. ज्यांनी पुढच्या हंगामाचे सौदे केले होते ते रस्त्यात भेटले तर दुकानांच्या पाट्या वाचू लागत. मुदतीचा बाजार आला. मी चारही पिल्लांना बोट दिले आणि ओरडलो. या वेळी ऐकायला मोजकीच माणसे होती. तांबूस तिघांनी सोडले. चितरीने मी तोंड उघडताच सोडले आणि बोट चाटले.

"तयार," मी म्हणालो.

झुंबरशेट ओट्यावरच बसला होता.

"शेटजी, पिल्लं घेऊन जा," तुळशीराम म्हणाला. त्याने टोपली झाडून आणली होती.

"कोनती पिल्लं?" झुंबरशेट म्हणाला.

मालकांनी हे ऐकले आणि ते आत निघून गेले. न खपलेला कापूस आवारभर पसरला होता आणि त्यांना राखणदार पूर्वीपेक्षा जास्त लागणार होता. झोपडीचा विषय पुन्हा निघाला नाही. टोपलीत अनसाबाईने राख भरली.

तिन्ही तांबूस पिल्लं त्या आठवड्यात गेली. एक कुंभाराकडे, एक परतवाड्याच्या रस्त्यावरच्या मळ्यात, एक आमच्याच हमालांच्या मुकादमाकडे. सगळी अशा ठिकाणी की अनसाबाई मीठ आणायला निघाली तरी वाटेत भेट व्हावी. तिने एका शब्दाने हरकत घेतली नाही. मग पाटील आला. या वेळी गाडीत कापूस नव्हता. तो फक्त चितरीसाठी आला होता.

"अजून तयार नाई झाली," अनसाबाई म्हणाली.

पाटलाने माझ्याकडे पाहिले.

"बाई, मी तयार म्हणून सांगितलं आहे," मी म्हणालो.

"तुमी बोट पाह्यलं. कान कोठी पाह्यले? कान पडेल हायेत."

"वाघीचे तरी कुठे उभे आहेत?"

"शेपटी सरळ नाई झाली. अन् इतल्या लांब गाडीत जाईन, उन्हाचं. दोन मुक्काम करा लागतेत. भूक लागली त कोनाले सांगंन थे?"

"माय," पाटील म्हणाला, "मले सांगंन. मी हाओ ना गाडीत."

"तवा तुमीच नाई म्हनलं, पारखीभाऊ," ती माझ्यावर उलटली. "साऱ्या बाजारासमोर म्हनलं."

"तेव्हा ओली होती."

"अन् आता?"

बाजारात माझ्याशी भांडलेल्या माणसांत दलाल होते, सावकार होते, एकदा तर एका मामलेदाराचे व्याही होते. त्यांच्यापुढे बोलणे सोपे गेले होते. मी पाटलाला म्हटले, "उचला."

पाटलाने चितरीला उचलले. तिने त्याचा अंगठा धरला. "अबे!" तो म्हणाला. तिने सोडला. अनसाबाईने ते पाहिले आणि गाडीत अंथरायला तरट आणले.

तरटावर चितरीला बसवून गाडी निघाली. गंजीवर वाघीने मान वर केली, गाडीकडे पाहिले आणि मान परत पंजांवर ठेवली. गाडीमागे चालत निघाली ती अनसाबाई. काला सैल करजो, पहिल्या दिवशी आंघोळ नोका घालू, उन्हात चाकाजवळ नोका सोडू, असे ती नाक्यापर्यंत सांगत गेली. पाटील प्रत्येक गोष्टीला "हाव माय" म्हणत होता.

"कुत्री वर निजून हाये," तुळशीराम मला म्हणाला, "अन् हे कोठी चालली?"

पुढच्या हंगामात गाड्या थोड्या आल्या. ओट्यावरच्या जुन्या चेहऱ्यांपैकी अर्धे दिसत नव्हते. झुंबरशेट होता, पण आता तो तुरीची दलाली करी आणि शेराला बांधून ठेवी. उकंडा पाटलाची गाडी आली तेव्हा आसाखाली सावलीत एक ठिपक्यांची कुत्री चालत होती. गाडी थांबली तशी तीही थांबली. वाघी गंजीवरून उतरली, तिला हुंगले, परक्या कुत्र्यावर गुरकावतात तशी गुरकावली आणि परत वर जाऊन बसली.

"डुकरं बंद झाली," पाटील म्हणाला. "लेकरं हिच्या तोंडात हात घालतेत. रडलं का सोडते."

अनसाबाई कापूस वेचायचे टाकून आली. ती चितरीसमोर बसली. चितरीने तिला बराच वेळ हुंगले आणि तिचे बोट तोंडात धरले. दात टेकलेले होते, दाब नव्हता. बोट धरून ती अनसाबाईच्या तोंडाकडे पाहत राहिली, कधी ओरडते याची वाट पाहत.

"ओरड ना व," तुळशीराम म्हणाला. "ओरडल्याबिगर सोडत नाई थे."

पाटलाने बैल सोडले. मी गाडीवर चढलो, वरचा कापूस सारला आणि कोपरापर्यंत हात घातला. माल चांगला होता, सरकी कट्ट वाजली. "सुका," असे सांगून खाली उतरलो तरी दोघी तशाच बसल्या होत्या. अनसाबाई ओरडली नव्हती.